फावल्या वेळात : हिंगोलीच्या घरात शिडाची नौका

हिंगोलीला कुठला आलाय समुद्र, असं घरचे म्हणतील, म्हणू द्यात. गोव्यात बांधलेल्या ‘तारिणी’ या शिडाच्या नौकेतून नौदलाच्या सहा महिला अधिकारी सप्टेंबर २०१७ मध्ये निघाल्या आणि पृथ्वीप्रदक्षिणा करून मे २०१८ मध्ये परतल्या. तिचीच प्रतिकृती करा ना! नौका सुमारे १७ मीटर लांब. मीटरला २ सेंटिमीटर धरले, की ३४ सेंटिमीटर. जाड पुठ्ठ्याचा सांगाडा, बांबूच्या कामटीची डोलकाठी. दुपारचा एक तास पुरे, पण तो आपलाच हवा. दळण-निवडण त्यानंतर, बरं का! चिकटवलेलं रात्रभर सुकू द्या, घाई केली की सांगाडा वाकतो. शिडाला जुनी मलमल घ्या. कांजीत बुडवून आडव्या कळशीवर वाळवली, की वारा भरल्यासारखी फुगीर राहते.