विजेच्या टॅक्सीस उत्तेजन कोणी व कसे द्यावे?

भाड्याची मोटार चालविणाऱ्याने डिझेलची गाडी टाकून विजेची गाडी घ्यावी आणि त्यासाठी नगरपालिका, ग्रामपंचायत आदी स्थानिक संस्थांनी त्यास उत्तेजन द्यावे, हा विचार आता मुंबई-बंगळूरसारख्या शहरांपुरता राहिलेला नाही. निर्णा, चिटगुप्पा, हुमनाबाद ह्या आमच्या टापूतही तो कानी पडू लागला आहे. व्यापारी मंडळींत त्याविषयी दोन तट दिसतात. एक म्हणतो, काळ बदलला आहे, द्यावे काही अनुदान. दुसरा म्हणतो, आमच्या करातून दुसऱ्याची गाडी का म्हणून घ्यावयाची? आम्हांस ह्या दोन्ही पक्षांशी थोडा वाद घालावयाचा आहे. उत्तेजन द्यावे, असेच आमचे मत आहे; पण ते रोख रकमेच्या रूपाने नव्हे. स्थानिक संस्थेजवळ पैसा थोडा व जागा पुष्कळ असते, आणि टॅक्सीवाल्यास जे हवे आहे ते पैशापेक्षा जागेशी अधिक निगडित आहे.

हा प्रश्न व्यापाऱ्यांच्या स्मरणिकेत कशाला, असे कोणी विचारील. त्याने बाजाराच्या दिवशी सकाळी स्टँडवर दहा मिनिटे उभे राहावे, म्हणजे झाले. आमच्या दुकानाची पायरी चढणारे निम्मे गिऱ्हाईक टमटम, क्रूझर किंवा भाड्याच्या मोटारीतून उतरते. तुरीचा नमुना घेऊन येणारा शेतकरी, लग्नाचा बस्ता बांधावयास आलेले कुटुंब, माणिकनगरास वा गाणगापुरास निघालेले महाराष्ट्रातील यात्रेकरू, ह्या सर्वांची ने-आण हेच लोक करतात. त्यांचे भाडे वाढले की बाजार ओसरतो, हे आम्हांस कोणी शिकवावयास नको.

शिवाय आमचा मुलूख सीमेवरचा. १९५६ साली राज्यपुनर्रचनेत जुन्या बीदर जिल्ह्याचे तीन वाटे झाले. उदगीर-निलंगा एकीकडे, जहीराबाद-नारायणखेड दुसरीकडे आणि बीदर-हुमनाबाद तिसरीकडे गेले. सोयरीक व व्यापार मात्र तिन्हीकडे पूर्ववत् चालू राहिले. त्यामुळे आमच्या टॅक्सीवाल्यास परवान्यांची कटकट मोठ्या शहरातल्या चालकापेक्षा अधिक. केंद्र सरकारने ऑक्टोबर २०१८ मध्ये विजेवर चालणाऱ्या भाड्याच्या वाहनांस परवान्याच्या अटीतून मोकळे केले. आमच्यासारख्या तीन राज्यांच्या सांध्यावर ह्या सवलतीचे मोल केवढे आहे, हे कोणी हिशोब करून चालकास समजावून सांगितलेले नाही. हिरव्या पाटीवर पिवळी अक्षरे असलेली गाडी म्हणजे विजेवरील भाड्याची गाडी, एवढेही पुष्कळांस ठाऊक नसते.

सरकारने काहीच केले नाही, असे मात्र म्हणता येणार नाही. कर्नाटकाने सप्टेंबर २०१७ मध्ये विजेच्या वाहनांचे धोरण जाहीर केले. असे धोरण करणारे हे देशातील पहिले राज्य. १ ऑगस्ट २०१९ पासून ह्या वाहनांवरील जीएसटी १२ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आला. एप्रिल २०१९ ते मार्च २०२४ ह्या काळात चाललेल्या केंद्राच्या १०,००० कोटींच्या योजनेत भाड्याच्या चारचाकी गाड्यांसही साहाय्य होते. ऑक्टोबर २०२४ पासूनच्या नव्या योजनेत मात्र तीनचाकीस जागा मिळाली आणि चारचाकी टॅक्सी वगळली गेली. तीनचाकीचे साहाय्यही पहिल्या वर्षी बॅटरीच्या दर किलोवॅट-तासास ५,००० रुपये व पुढील वर्षी त्याच्या निम्मे, असे उतरत जाणारे ठरले. वरून येणारे अनुदान हे असे पावसाच्या ओढ्यासारखे असते. त्यावर विसंबून ज्याने दहा वर्षांचा धंदा मांडला, त्याची फसगत व्हावयाची.

आमच्या भाषेच्याच मुलुखात नागपुरास ह्याचा मोठा प्रयोग होऊन गेला. २६ मे २०१७ रोजी केंद्रीय मंत्री नितीन गडकरी व तेव्हाचे मुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस यांच्या उपस्थितीत ओला कंपनीने तेथे विजेच्या दोनशे वाहनांचा ताफा उभा केला. महिंद्र कंपनीच्या छोट्या विजेच्या मोटारी त्यात पुष्कळ होत्या. ह्यांत हेतू खोटा नव्हता, भांडवल कमी नव्हते, सरकारचा आशीर्वाद तर होताच. परंतु वर्ष उलटण्याच्या आत, २०१८ च्या प्रारंभी, अनेक चालक ह्या गाड्या परत करून पुन्हा डिझेलकडे वळू लागले. त्याचे कारण त्यांनी स्वतःच सांगितले होते. चार्जिंगच्या ठिकाणी तासन्‌तास रांगेत उभे राहावे लागे. तेवढ्या वेळाचे भाडे बुडे. एके ठिकाणी तर रांगेमुळे रस्ता अडू लागला, तेव्हा शेजारच्या रहिवाशांनी विरोध करून ते केंद्रच बंद पाडले. त्यात विदर्भाचा उन्हाळा; थंडावा देणारे यंत्र सुरू ठेवले की बॅटरी लवकर उतरे. आमच्या कलबुर्गीचा वैशाख नागपूरच्या वैशाखाहून सौम्य आहे, असा दावा कोणी करील, असे वाटत नाही.

नागपुरास गाडीची वाण नव्हती. वाण होती ती गाडी उभी करून तिच्यात वीज भरण्याच्या ठिकाणाची. व्यापारी माणसाने ही गोष्ट आकड्यांत पाहावी. समजा, एखादी डिझेलची मोटार लिटरमागे १८ किलोमीटर जाते व डिझेल ९० रुपये लिटर आहे; म्हणजे किलोमीटरास ५ रुपये पडले. विजेची मोटार एका युनिटात ७ किलोमीटर गेली व युनिटास ८ रुपये द्यावे लागले, तर किलोमीटरास १ रुपया १५ पैसे. रोज १०० किलोमीटर धंदा धरला तर दिवसाची बचत ३८५ रुपये. वर्षात ३०० दिवस धरले तर १,१५,५०० रुपये. आता विजेची गाडी ४ लाखांनी महाग आहे असे धरा, व्याज शेकडा १२ धरा. ४८,००० रुपये व्याजास गेले. तरी ६७,५०० रुपये मुद्दलास उरतात. व्यवहार उत्तम! पण ह्याच चालकास चार्जिंगच्या रांगेपायी रोज ३०० रुपयांची एक फेरी सोडावी लागली, तर वर्षाचे ९०,००० रुपये गेले. उरलेल्या २५,५०० रुपयांत व्याजही सुटत नाही. त्या रांगेचा बंदोबस्त न करता लाख रुपयांचे अनुदान दिले, तरी ते वर्ष-सव्वा वर्षात रांगेतच विरून जाईल.

घरी रात्री गाडी भरावी, असा सोपा उपाय सांगितला जातो. तो बंगल्यात राहणाऱ्याचा उपाय होय. आमचा टमटमवाला एका खोलीत भाड्याने राहतो. गाडी गल्लीच्या तोंडाशी उभी असते. त्यातही एक खोच आहे. कर्नाटकात ऑगस्ट २०२३ पासून गृहज्योती योजनेखाली महिना २०० युनिटांपर्यंत घरगुती वीज ठराविक मर्यादेत मोफत मिळू लागली. पण २०० युनिटांची रेषा ओलांडली की संपूर्ण बिल भरावयाचे. विजेच्या टमटमला दिवसास आठ युनिटे धरली तरी पंचवीस दिवसांत दोनशे होतात. म्हणजे घरचा दिवा व गाडी एकाच मीटरवर आली, की मोफत विजेचा लाभ गेलाच. एका हाताने दिलेले दुसऱ्या हाताने काढून घेण्याचा कोणाचा हेतू नसेल, परंतु परिणाम तोच. विद्युत् नियामक आयोगाने विजेच्या वाहनांसाठी वेगळा दर ठेविला आहे, त्या दराचे वेगळे मीटर ज्या जागेवर बसेल ती जागा चालकापाशी नाही. ती ग्रामपंचायतीपाशी व नगरपालिकेपाशी आहे.

ह्या चालकाची आजची स्थितीही ध्यानात घ्यावी. ११ जून २०२३ पासून राज्यात स्त्रियांस सरकारी बसचा प्रवास मोफत झाला. आमच्या मायबहिणींची त्यामुळे सोय झाली, हे आम्ही मोकळ्या मनाने म्हणतो. परंतु ज्या टमटममध्ये सहा बायका बसत, तीत आता दोन बसतात. खासगी वाहनचालकांनी ११ सप्टेंबर २०२३ रोजी बंगळुरास बंद पाळला, तो ह्याच दुखण्यापायी. मिळकत घटलेल्या माणसास नवे कर्ज काढ म्हणून सांगावयाचे, तर त्याच्या हिशोबात एका रुपयाचीही संदिग्धता ठेवून चालणार नाही.

मग स्थानिक संस्थेने करावे काय? पुणे महानगरपालिकेने पूर्वी रिक्षांस सीएनजीचे किट बसविण्यासाठी प्रत्येकी १२,००० रुपये दिले होते. पुण्याची तिजोरी पुण्यास शोभते. चिटगुप्प्याच्या नगरपालिकेने तिचे अनुकरण करू पाहिले तर दिवाबत्ती बंद ठेवण्याची पाळी येईल. परंतु केंद्रीय ऊर्जा मंत्रालयाने जानेवारी २०२२ मध्ये जी मार्गदर्शक तत्त्वे दिली, त्यांत आमच्या लहान संस्थांच्या कामाची एक गोष्ट आहे. सार्वजनिक संस्थेने आपली जागा चार्जिंग केंद्रासाठी द्यावी आणि तेथे खपलेल्या प्रत्येक युनिटामागे १ रुपया घ्यावा, अशी ती व्यवस्था. तिजोरीतून जावयाचे काही नाही, उलट येणे आहे. हमरस्त्यावर दोन्ही बाजूंस दर २५ किलोमीटरांवर एक केंद्र असावे, असेही त्याच तत्त्वांत म्हटले होते. पुणे-सोलापूर-हैदराबाद रस्ता मन्नाएखेळी-हुमनाबादवरून जातो आणि बीदर-कलबुर्गी रस्ता त्यास हुमनाबादेस छेदतो. एवढा मोक्याचा चौक स्थानिक संस्थांच्या हद्दीत असताना त्यांनी बंगळूरच्या हुकमाची वाट का पाहावी, हे आम्हांस कळत नाही.

जागा देताना मात्र एक अट घालावी. लंडन शहरात १ जानेवारी २०१८ पासून नव्याने परवाना घेणारी टॅक्सी धूर न सोडता धावू शकणारी असलीच पाहिजे, असा नियम झाला. पण त्याबरोबर तेथील वाहतूक संस्थेने काही जलद चार्जर केवळ टॅक्सींसाठी राखून ठेविले. चीनमधील शेन्‌झेन शहरातील सुमारे २१,००० टॅक्सी २०१८ अखेर जवळजवळ सर्व विजेवर आल्या, आणि तेथेही प्रारंभी चालकांची ओरड होती ती रांगांचीच. खासगी मोटारवाल्याने तासभर थांबले तर त्याचा चहा होतो. टॅक्सीवाल्याने थांबले तर त्याची चूल थांबते. म्हणून आमच्या स्टँडवर दोन चार्जर लागले, तर त्यांतला एक सकाळी व दुपारी भाड्याच्याच वाहनांसाठी राखावा. वर पत्र्याची सावली असावी, कारण उन्हात तापलेली बॅटरी भरावयास वेळ अधिक घेते. स्टँडवर वाहनांकडून पट्टी घेतली जात असेल, तर विजेच्या गाडीस तीन वर्षे ती माफ करावी व रांगेत तिला पहिला नंबर द्यावा. पट्टीची रक्कम क्षुल्लक असते हे खरे. परंतु पहिला नंबर क्षुल्लक नसतो, हे कोणताही टमटमवाला सांगेल.

आता आमच्या दुसऱ्या तटाकडे वळू. टांगा जाऊन मोटार आली तेव्हा टांगेवाल्यास कोणी पैसा दिला होता, असा त्यांचा सवाल असतो. सवाल बिनतोड दिसतो खरा. पण मोटारीसाठी डांबरी रस्ता सार्वजनिक पैशातूनच झाला, आणि त्यावरून सर्वांत अधिक माल आमचाच आला, ही गोष्ट ते विसरतात. चार्जरही त्याच जातीची वस्तू आहे. एप्रिल २०१८ मध्ये ऊर्जा मंत्रालयाने खुलासा केला की वाहनात वीज भरून देणे ही विजेची विक्री नसून सेवा आहे, त्यास वीजविक्रीचा परवाना नको. म्हणजे आडत दुकानाच्या अंगणात, दाल मिलच्या फाटकाशी, कापडाच्या पेढीसमोर कोणीही व्यापारी हे केंद्र काढू शकतो. वीजकंपनीचे वेगळे मीटर, सुरक्षेचे नियम व थोडे भांडवल एवढे जुळले की झाले. मोटार तासभर चार्जिंगला उभी राहिली, तर तीतील उतारू तासभर कोठे जाईल? दुकानांतच जाईल!

कर्जाचा भाग उरतो. बीदर जिल्हा मध्यवर्ती सहकारी बँकेने स्वसाहाय्य गटांस छोटी कर्जे देण्यात देशभर नाव मिळविले आहे. चार-पाच चालकांचा गट, एकमेकांची हमी आणि हप्ता महिन्याऐवजी आठवड्याच्या बाजाराप्रमाणे, अशी योजना ह्या किंवा दुसऱ्या एखाद्या सहकारी बँकेपुढे आमच्या संघाने मांडावी. पहिल्या पाच गाड्यांच्या हप्त्यांस संघातील काही पेढ्यांनी आपल्या मालवाहतुकीचे ठराविक काम देऊन आधार द्यावा. कामाची शाश्वती असली की बँकही हात आखडत नाही.

माणिकनगरच्या दत्तजयंतीस दरवर्षी महाराष्ट्रातून व तेलंगणातून यात्रेकरूंची रीघ लागते. तोपर्यंत हुमनाबादच्या स्टँडवर एक व निर्ण्यास पंचायतीच्या आवारात एक, असे दोन चार्जर उभे करावेत, असा लेखी अर्ज संघाच्या वतीने दोन्ही संस्थांकडे जावा. अर्जावर पहिल्या सह्या व्यापाऱ्यांच्या असाव्यात व त्यांखाली टमटमवाल्यांच्या.