राखणीचा हक्क गावांना द्या



यवतमाळच्या टिपेश्वर अभयारण्यातून निघालेला तरुण वाघ सुमारे १,३०० किलोमीटर चालून २०१९च्या अखेरीस बुलढाण्याच्या ज्ञानगंगा अभयारण्यात पोहोचला. त्याची वाट शेते, नाले आणि गावांलगतच्या झुडपी जंगलांतून गेली होती. अशा जंगलांच्या कडेने माणसे पिढ्यान्‌पिढ्या राहतात. जळगाव जामोद आणि संग्रामपूरच्या सातपुड्यात निहाल, कोरकू, भिलाला आहेत. पण जंगल राखायचे ठरले की आधी त्यांनाच बाजूला सारले जाते.

गावाच्या हाती जंगल दिले तर ते वर्षभरात भुईसपाट होईल, असा आक्षेप नेहमी घेतला जातो. त्याचे उत्तर आपल्याच अमरावती विभागात आहे.

अचलपूर तालुक्यातले पायविहीर हे कोरकूंचे गाव. २०१२मध्ये त्याला १९२ हेक्टरवर सामूहिक वनहक्क, म्हणजे गावाने मिळून जंगल वापरण्याचा आणि राखण्याचा हक्क, मिळाला, तेव्हा हाती आली ती बहुतांशी उजाड टेकडी. ग्रामसभेने रोजगार हमीतून माती-पाण्याची कामे काढली, झाडे लावली, राखण केली. तिथली सीताफळे पुढे शहरांच्या बाजारात गेली आणि २०१४मध्ये गावाला जैवविविधता पुरस्कार मिळाला.

चंद्रपूर जिल्ह्यातल्या पाचगावने तर हमखास रोख पैसा देणारी तेंदूपत्त्याची तोडणीच बंद केली. कोवळ्या पानांसाठी फांद्या छाटल्या जातात, आगी लावल्या जातात. ते ग्रामसभेला नको होते. गावाने बांबूवर भर दिला.

२००६च्या वनहक्क कायद्याचे कलम ५ ग्रामसभेला जंगल आणि वन्यजीव राखण्याचा अधिकार देते. मात्र नुसत्या कागदाने भागत नाही. गडचिरोलीच्या मेंढा-लेखाला २००९मध्ये हक्क मिळाला, पण बांबू वाहतुकीच्या परवान्यांचे पुस्तक हाती पडायला एप्रिल २०११ उजाडला. तेही केंद्रीय मंत्री जयराम रमेश स्वतः गावात आले तेव्हा.

बुलढाण्यात असे होऊ नये. सामूहिक वनहक्काचे किती दावे मंजूर झाले, किती अडले आणि कशामुळे, याची गावनिहाय यादी जिल्हास्तरीय वनहक्क समितीने प्रत्येक ग्रामपंचायतीच्या फलकावर लावावी. जिथे हक्क मिळाला आहे, तिथे वनविभागाने ग्रामसभेचा आराखडा आपल्या कामाच्या नियोजनात घ्यावा आणि त्यातली रोजगार हमीची कामे पावसाळ्याआधी सुरू करावीत.

— एक वाचक, धामणगाव बढे, ता. मोताळा, जि. बुलढाणा