फ्रीजमधला गॅस ओळखा

मैत्रिणींनो, फ्रीज घेताना आपण रंग पाहतो, लिटर विचारतो. आत गॅस कोणता, हे मात्र विचारत नाही. जुन्या फ्रीजमधला आर-१२ गॅस बाहेर सुटला की आकाशातल्या ओझोनच्या थराला अपाय करी. म्हणून १९८७ साली माँट्रिऑल करार झाला. १९९२ मध्ये भारतही त्यात सामील झाला. या करारासाठी देशोदेशींच्या तज्ज्ञांची समिती दर चार वर्षांनी फ्रीज-एसीच्या तंत्राचा आढावा घेते. तिची पारख आपल्या भाजी निवडण्यासारखीच, चहूबाजूंनी: ओझोनला अपाय होतो का? हवा तापते का? वीज किती लागते? पेट घेण्याचं भय किती? निर्णय मात्र सरकारं घेतात.

आपल्या उपनगरातलंच उदाहरण घ्या. विक्रोळीच्या गोदरेजने २०१२ साली आर-२९० गॅसचा एसी आणला. हा प्रोपेन. बऱ्याच नव्या फ्रीजमधला आर-६००ए म्हणजे आयसोब्युटेन. दोघेही शेगडीच्या गॅसचे भाऊबंद! ओझोनला निर्धोक, पण पेट घेणारे. म्हणूनच घरगुती फ्रीजमध्ये हा गॅस दीडशे ग्रॅमच्या आतच भरतात.

तेव्हा मागची पट्टी वाचून ठेवा. बर्फ सुरीने खरवडू नका. आणि मेकॅनिक आला, की त्याने ज्योत पेटवण्याआधी गॅसचं नाव सांगा, बरं का!