सहाशे रुपये देताना जात विचारता, मृत्यू मोजताना का नाही?

परळमध्ये केईएम, टाटा मेमोरियल, वाडियांची दोन रुग्णालये आणि कामगार विम्याचे महात्मा गांधी रुग्णालय एकमेकांपासून चालत जाण्याच्या अंतरावर आहेत. गिरण्या गेल्या, टॉवर आले, त्यांच्यासोबत खाजगी रुग्णालयेही आली आणि त्यांच्या काचेच्या दारांवर गुणवत्तेची प्रमाणपत्रे लागली. सरकारी रुग्णालयांसाठीही २०१३ पासून राष्ट्रीय गुणवत्ता मानके आहेत, २०१५ पासून स्वच्छतेचे 'कायाकल्प' पुरस्कार आहेत, २०१७ पासून प्रसूतिकक्षांसाठी 'लक्ष्य' आहे. तपासणी पथक यादी घेऊन येते, खुणा करते, सत्तर टक्के गुण पडले की प्रमाणपत्र मिळते. दर १७ सप्टेंबरला रुग्ण सुरक्षा दिन साजरा होतो. हे सगळे पाहून आमचा एकच प्रश्न आहे: प्रगती मोजली, पण कोणाची?

आमचा मोजण्याला विरोध नाही. उलट मोजणी हे आपल्या चळवळीचे जुने हत्यार आहे. १९३२ मध्ये लोथियन समितीसमोर अस्पृश्यांची संख्या किती हा प्रश्न आला तेव्हा काही प्रांतांतल्या सवर्ण प्रतिनिधींनी ती एकदम खाली आणली; आमच्याकडे अस्पृश्य जवळजवळ नाहीतच, असा त्यांचा सूर होता. परळच्या बीआयटी चाळीत राहणारे बाबासाहेब त्या समितीचे सदस्य होते. आकडा खाली गेला की हक्कही खाली जातो हे त्यांना नेमके कळत होते, म्हणून त्यांनी आपले वेगळे टिपण जोडले. कोणाला मोजायचे आणि कोणाला एकूण बेरजेत बुडवायचे, हा तेव्हाही राजकीय निर्णय होता आणि आजही आहे.

आता आजची बेरीज पाहा. २०१८-२० च्या नमुना नोंदणीनुसार महाराष्ट्रात एक लाख जिवंत जन्मांमागे ३३ मातामृत्यू होत होते, देशात ९७. राज्य पुढे आहे हे खरे आणि आनंदाचेही आहे. पण त्या ३३ मध्ये बौद्ध, मातंग, आदिवासी, भटक्या-विमुक्त बाया किती? जाहीर होणाऱ्या त्या आकड्यात जात नाहीच. कोणी म्हणेल, रुग्णालय थोडेच जात विचारते! विचारते. २००५ पासून जननी सुरक्षा योजना चालू आहे. महाराष्ट्रासारख्या राज्यात तिचा लाभ दारिद्र्यरेषेखालच्या, अनुसूचित जातीच्या आणि अनुसूचित जमातीच्या बाईला मिळतो. शहरात रक्कम सहाशे रुपये. त्या सहाशे रुपयांसाठी बाळंतिणीला कागद जोडावा लागतो, जात सिद्ध करावी लागते. म्हणजे रकाना आहे, नोंद आहे, कारकूनही आहे. मग त्याच बाईला टेबलावर घ्यायला किती वेळ लागला, रक्त वेळेत मिळाले का, तिला दुसऱ्या रुग्णालयात पाठवले का, ती आणि बाळ जगले का, हे त्याच नोंदीशी जोडून जाहीर करायला अडचण कसली? मदत देताना आम्ही मागास असतो आणि सेवा मोजताना एकदम 'सर्व नागरिक समान' होतो!

राष्ट्रीय मानकांत भेदभावाबद्दल काहीच नाही, असे मात्र म्हणता येणार नाही. सामाजिक किंवा आर्थिक कारणाने सेवेत अडथळा नसावा, असे एक मानक त्यांत आहे. पण ते तपासायचे कसे? पाहून, विचारून, कागद बघून. तपासणीच्या दिवशी कोणता वॉर्ड भेदभाव करील? भेदभाव निकालात दिसतो. घरोघरी होणाऱ्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात जात विचारतात, म्हणूनच आपल्याला कळते की २०१९-२१ मध्ये हजार जन्मांमागे अर्भकमृत्यू देशात सरासरी ३५ होते आणि अनुसूचित जातींत सुमारे ४१. अमेरिकेत २००३ पासून आरोग्यसेवेची गुणवत्ता आणि विषमता यांचे सरकारी अहवाल निघतात. कृष्णवर्णीयांना कोणती सेवा कमी दर्जाची मिळते ते त्यांत लिहिलेले असते. त्यामुळे तिथला वर्णभेद संपला नाही, पण तो नाकारणे अवघड झाले.

आपल्यातलेच काही साथी हरकत घेतात की केसपेपरवर जात आली तर डॉक्टर आणखी दूर उभा राहील. ही भीती आम्ही हलकी मानत नाही. आडनाव, पत्ता आणि बोली ऐकून जात ओळखणाऱ्या देशात तिला भरपूर आधार आहे. म्हणून आमची मागणी केसपेपरवर जात लिहा अशी नाहीच. माहिती ऐच्छिक असावी, उपचाराच्या कागदांपासून वेगळी ठेवावी, खाटेजवळ ती कोणाला दिसू नये आणि वर्षाअखेर फक्त एकत्रित आकडे बाहेर यावेत.

मोजणीतून गायब होणारा दुसरा माणूस म्हणजे रुग्णालयाचे खालचे काम करणारा. २०१८ च्या जानेवारीत नायर रुग्णालयात ऑक्सिजनचा सिलिंडर घेऊन एमआरआयच्या खोलीत गेलेला एक तरुण यंत्रात ओढला गेला आणि मेला. तो कर्मचारी नव्हता, रुग्णाचा नातेवाईक होता. डॉक्टर आणि वॉर्डबॉयला अटक झाली. सिलिंडर नातेवाइकाच्या हातात का होता, हा प्रश्न मात्र मागे पडला. माणसे कमी असली की स्ट्रेचर, सिलिंडर, रक्ताची बाटली नातेवाईक वाहतात, आणि ठपका खालच्या पायरीवर थांबतो. जे. जे. मध्ये १९८६ साली विषारी भेसळीच्या ग्लिसरॉलने १४ रुग्ण दगावले तेव्हा न्यायमूर्ती लेंटिन यांनी चौकशी वॉर्डात थांबवली नाही. खरेदी, औषध तपासणी करत ती मंत्रालयापर्यंत नेली. आरोग्यमंत्र्यांना खुर्ची सोडावी लागली. सुरक्षितता मोजायची असेल तर अशी मोजावी.

रक्ताळलेला कचरा आणि वापरलेल्या सुया उचलणारे हात कोणत्या वस्त्यांतून येतात हे वाचकांना सांगायला नको. कंत्राटी सफाई कामगाराला सुई टोचली तर ती रुग्णालयाच्या नोंदवहीत येते की कंत्राटदाराच्या खिशात राहते? त्याला कावीळ बची लस कोणी दिली? आणि डॉ. पायल तडवी? २२ मे २०१९ रोजी नायरच्या वसतिगृहात तडवी भिल्ल समाजाच्या या तरुण डॉक्टरने जीव दिला. जातीवरून छळ केल्याचा आरोप तीन वरिष्ठ डॉक्टरांवर आहे, खटला न्यायालयात आहे. निकाल लागेल तेव्हा लागेल. पण शिकाऊ डॉक्टरचा जातीवरून होणारा छळ हा रुग्णालयाच्या सुरक्षिततेचा विषय आहे, असे कोणत्या गुणपत्रिकेत लिहिले आहे?

म्हणून दादर, परळ, लालबाग, गिरगावातल्या तरुणांनी मोर्चाच्या आधी एक काम करावे. आपल्या भागातल्या पालिका किंवा सरकारी रुग्णालयात माहिती अधिकाराचा अर्ज टाकावा. महाराष्ट्राच्या नियमाप्रमाणे अर्ज दीडशे शब्दांत आणि एकाच विषयावर हवा, म्हणून सगळे एकात कोंबू नका. एकाने विचारावे, गेल्या तीन वर्षांत जननी सुरक्षेच्या लाभार्थी किती आणि त्यांतल्या किती जणींना दुसरीकडे पाठवले. दुसऱ्याने विचारावे, सुई टोचल्याच्या नोंदी किती आणि त्यांत कंत्राटी कामगार किती. तिसऱ्याने गुणवत्ता तपासणीचा संपूर्ण अहवाल मागावा, नुसते प्रमाणपत्र नको. दहा रुपयांचा कोर्ट फी स्टँप लावा, पोचपावती जपून ठेवा. तीस दिवसांत उत्तर आले नाही तर पहिले अपील अपिलीय अधिकाऱ्याकडे करायचे, आणि त्याचीही मुदत तीसच दिवसांची आहे.