गेम फेअर आहे, म्हणून काय झाले?



"टीचर, तुम्ही उगाच घाबरवता. गेम फेअर आहे. ९६ टक्के पैसे परत मिळतात, ॲपमध्येच लिहिलंय."

दृढीकरणाच्या वर्गात मोबाइलवरच्या कॅसिनोचा विषय निघाला की कोणीतरी हे बोलतेच. त्यावर आपल्या मोठ्यांचे उत्तर ठरलेले असते. सगळे खोटे आहे, मशीन सेट केलेली असते, कोणी जिंकत नाही. आजचा लेख आधी या उत्तराविरुद्ध आहे आणि मग त्या गेमविरुद्ध.

हे उत्तर मुलांना पटत नाही, आणि त्याला कारण आहे. त्यांच्या ओळखीतला कोणीतरी खरोखर जिंकलेला असतो. ब्रिटन किंवा माल्टासारख्या देशांत परवाना घेऊन चालणाऱ्या ऑनलाइन कॅसिनोला आकडे ठरवणारा प्रोग्रॅम बाहेरच्या प्रयोगशाळेकडून तपासून घ्यावा लागतो. त्या प्रोग्रॅमला तुमचे नाव कळत नाही, तुमची मागची हार आठवत नाही. घरात रेशन आहे की नाही हेही तो बघत नाही. त्या अर्थाने खेळ प्रामाणिक आहे. आपण "खोटे आहे, खोटे आहे" म्हणत राहिलो की मुलगा ते एक सर्टिफिकेट दाखवतो, आणि आपला उपदेश तिथेच संपतो. मला उलट म्हणायचे आहे. खेळ प्रामाणिक असला तरी तो माणसाच्या अंगावरचे पांघरूण काढून घेऊ शकतो, आणि आपला देव फक्त तराजू तपासून थांबत नाही.

आधी ते ९६ टक्के बघू. याला रिटर्न टू प्लेअर, थोडक्यात आरटीपी म्हणतात. मुलांना वाटते, १००० रुपये टाकले तर ९६० तरी हातात राहतील, चाळीस रुपयांत करमणूक झाली, सिनेमापेक्षा स्वस्त. पण हा आकडा तुम्ही खात्यात भरलेल्या रकमेवर नसतो, लावलेल्या प्रत्येक डावावर असतो. जिंकलेले पैसे पुन्हा लावले की त्यांवरही पुन्हा ४ टक्के कापले जातात. गिरणीत दळण टाकले की मूठभर पीठ गिरणीतच राहते, त्याची कोणी तक्रार करत नाही. पण तेच पीठ शंभर वेळा गिरणीत घातले तर डब्यात काय उरेल?

हिशेब करून बघा. स्लॉटचा एक डाव सहा सेकंदांत होतो असे धरा. १० रुपयांचा डाव. तासाला ६०० डाव, म्हणजे ६००० रुपये लावले गेले. खिशातून मात्र १००० रुपयेच निघाले होते, बाकीचे तेच फिरत होते. ६००० वर ४ टक्के म्हणजे तासाला सरासरी २४० रुपये गेले. २५,००० रुपयांची उलाढाल झाली की सरासरीने मूळचे १००० संपले. त्याला लागतात साधारण चार तास. कोणी फसवले नाही, ९६ टक्क्यांचा शब्द अगदी पाळला गेला, आणि खिसा रिकामा झाला. डाव ५० रुपयांचा केला तर तेवढ्यालाच एक तासही लागत नाही.

शिवाय सरासरी ही फार फसवी गोष्ट आहे. समजा एक लाख लोकांनी प्रत्येकी १०० रुपये लावले. जमा झाले एक कोटी. ९६ लाख परत द्यायचे आहेत. त्यातले ५० लाख एकाच माणसाला जॅकपॉट म्हणून दिले, तर उरलेल्या सगळ्यांच्या वाट्याला ४६ लाख आले, म्हणजे रुपयाला ४६ पैसे. जाहिरातीत ९६ टक्के हा आकडा खराच राहिला आणि त्या एका माणसाचा फोटोही खराच आहे. मोठ्या बक्षिसांचे आमिष दाखवणारे खेळ याच पद्धतीने बांधलेले असतात. परतावा तोच ठेवायचा, पण तो थोड्या हातांत जाऊ द्यायचा.

आणि १० रुपये लावून ४ परत आले तरी स्क्रीनवर दिवे लागतात, नाणी खणखणतात. सहा रुपये गेले, पण आवाज जिंकल्याचा. याला मी प्रामाणिक म्हणणार नाही. आकडा खरा असेल, आवाज खोटा आहे.

आता रुलेट. आमच्या मुलांना 'सिस्टीम' शिकवणारे महाभाग मोबाइलवर पुष्कळ आहेत, म्हणून यावर जरा थांबते. युरोपियन रुलेटच्या चाकात ३७ खाने असतात: १८ लाल, १८ काळे आणि एक शून्य. लालवर पैसे लावले की दुप्पट मिळतात, पण जिंकण्याची शक्यता ३७ मध्ये १८. एकाच आकड्यावर लावले तर ३५ पट मिळतात, खऱ्या हिशेबाने ३६ पट मिळायला हवे होते. तो जो फरक आहे, तोच कॅसिनोचा वाटा: २.७ टक्के. अमेरिकन चाकात शून्ये दोन असतात आणि वाटा ५.२६ टक्क्यांवर जातो.

सिस्टीमवाले सांगतात, हरलात की डाव दुप्पट करा, कधीतरी लाल येणारच. १०० पासून सुरुवात करून सात वेळा लागोपाठ हरलात तर १२,७०० रुपये गेलेले असतात आणि पुढचा डाव १२,८०० चा लावायचा असतो, तोही पुन्हा फक्त १०० रुपये जिंकण्यासाठी. सात वेळा लागोपाठ हरण्याची शक्यता साधारण १०६ मध्ये एक. म्हणजे १०५ वेळा शंभर शंभर जिंकून १०,५०० मिळवायचे आणि एकदाच १२,७०० घालवायचे. रोज संध्याकाळी जिंकणारा पोरगा महिनाअखेरीस भिशीच्या पैशाला हात का लावतो, ते या गणितात आहे. मी अशा दोन घरांत बसून आले आहे. दोन्ही घरांत आईला वाटत होते की मुलगा हुशार आहे, रोज शंभर-दोनशे कमावतो. एका घरी ते पैसे बहिणीच्या फीसाठी ठेवलेले होते.

"पण टीचर, सात वेळा काळं आलं तर आठव्यांदा लाल येणारच ना?" नाही. चाकाला आठवण नसते. १८ ऑगस्ट १९१३ रोजी माँटे कार्लोच्या कॅसिनोत काळा रंग लागोपाठ २६ वेळा आला. आता तरी लाल येईलच म्हणून लोक दर फेरीला जास्त जास्त लावत गेले आणि त्या रात्री पुष्कळांचे खिसे रिकामे झाले. चाक अगदी ठीक होते.

बोनसचेही असेच. "१००० रुपये फुकट, फक्त तीसपट खेळा." तीसपट म्हणजे ३०,००० चे डाव. त्यावर ४ टक्के म्हणजे १२०० रुपये. हजाराच्या भेटीवर सरासरी बाराशेचा खर्च.

आता विश्वासाकडे येते. नियमशास्त्रात दोन प्रकारच्या आज्ञा आहेत आणि आपण बहुधा एकच लक्षात ठेवतो. पहिली वजनमापांची: तुझ्या थैलीत दोन प्रकारची वजने ठेवू नकोस. नीतिसूत्रांतही खोट्या तराजूबद्दल पुन्हा पुन्हा लिहिले आहे. परवाना असलेला कॅसिनो या आज्ञेत पास होतो असे घटकाभर धरू. पण निर्गमच्या बाविसाव्या अध्यायात दुसरी आज्ञा आहे. गरिबाचे पांघरूण गहाण घेतले असेल तर सूर्यास्तापूर्वी परत कर, कारण रात्री अंगावर घ्यायला त्याच्याकडे दुसरे काही नाही. अनुवादाच्या चोविसाव्या अध्यायात तर जाते किंवा जात्याची तळी गहाण घेण्यालाच मनाई आहे, कारण तसे करणे म्हणजे माणसाचे जगणेच गहाण घेणे. लक्षात घ्या, तिथे कोणी कोणाला फसवलेले नाही. कर्ज खरे आहे, गहाण खुशीने दिलेले आहे, व्यवहार 'फेअर' आहे. तरीही देव म्हणतो, नाही.

ख्रिस्तसभेची शिकवणही याच दिशेने जाते. कॅथलिक श्रद्धेच्या शिकवणुकीत, परिच्छेद २४१३ मध्ये, नशिबाचे खेळ आणि पैजा मुळातच अन्यायकारक आहेत असे म्हटलेले नाही. पण माणसाच्या स्वतःच्या आणि इतरांच्या गरजांसाठी जे लागते ते हिरावून घेतले जाते, तेव्हा ते खेळ नैतिकदृष्ट्या स्वीकारण्याजोगे राहत नाहीत, आणि जुगाराचे व्यसन माणसाला गुलाम करू शकते, असे तिथे सांगितले आहे. खेळात लबाडी करणे वेगळे नोंदवले आहे. म्हणजे लबाडी नसणे एवढे पुरेसे नाही, हे त्या एका परिच्छेदातच दिसते.

क्रुसाखालच्या शिपायांनीही चिठ्ठ्या टाकल्याच होत्या. त्या चिठ्ठ्यांत लबाडी होती असे कोणत्याही शुभवर्तमानात लिहिलेले नाही. शिवण नसलेला तो अंगरखा ज्याला मिळाला, त्याला नियमाप्रमाणेच मिळाला.

कोणी म्हणेल, परवाना, प्रयोगशाळा हे सगळे परदेशातले झाले. बरोबर. आपल्याकडे ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने ऑनलाइन गेमिंगचा कायदा केला. पैसे लावून खेळायचे ऑनलाइन खेळ, कौशल्याचे असोत की नशिबाचे, चालवणे आणि त्यांची जाहिरात करणे हा त्यात गुन्हा ठरवला आहे. नुसत्या खेळणाऱ्याला त्यात शिक्षा ठेवलेली नाही, आणि ते मला योग्य वाटते. म्हणून आज आपल्या मुलांना जी ॲपची लिंक मित्राकडून येते, तिच्यावरचे '९६ टक्के' आपल्या देशात कोणीच तपासलेले नाही. तिथे तर पहिल्या आज्ञेचाही भरवसा नाही. तरीही माझा मुद्दा त्यावर अवलंबून नाही. उद्या कायदा बदलला, प्रत्येक ॲपला सरकारी शिक्का मिळाला, तरी वरचा २४० रुपयांचा हिशेब तोच राहील. शेजारच्या गोव्यात बघा. मांडवीतल्या बोटींवर कॅसिनो परवान्याने चालतात, तरी सरकारने २०२० मध्ये स्थानिक गोवेकरांना तिथे खेळायला बंदी केली. बाहेरच्यांचे पैसे चालतात, घरच्यांचे नकोत! यातून सरकारला काय ठाऊक आहे ते कळते. आणि बोटीला निदान दार तरी असते. मोबाइल उशीखाली असतो.

आता एक प्रश्न, जो मुले विचारतात आणि आपण टाळतो. "मग फेस्तच्या हाऊजीचं काय?" हा प्रश्न योग्य आहे. ५० रुपयांची ४०० तिकिटे गेली आणि १०,००० ची बक्षिसे वाटली, तर आपला परतावा ५० टक्के. कॅसिनोपेक्षा कितीतरी वाईट! नुसता परताव्याचा आकडा बघून न्याय करायचा तर आधी आपलाच मंडप उठवावा लागेल. पण एका तिकिटामागे सरासरी २५ रुपये जातात, खेळ संपतो, सगळे जेवायला बसतात, पुढचा खेळ वर्षाने. रात्री दोन वाजता कोणी एकटाच चादरीखाली हाऊजी खेळत नाही. टक्केवारीबरोबर वेग किती, डाव केवढा आणि थांबवणारे कोणी आहे का, हे तीन प्रश्न विचारले पाहिजेत. हीच कसोटी मी मुलांना देते, आणि तीच आपल्यालाही लागू आहे. अलीकडे काही ठिकाणी बंपर तिकिटे ५०० रुपयांची होऊ लागली आहेत आणि ती घेण्यासाठी रोजंदारीवरच्या घरांनाही भीड घातली जाते. ते मला पटत नाही.

म्हणून आपल्या फेस्त कमिटीला माझी विनंती आहे, आणि ती मी बैठकीतही मांडणार आहे. यंदा हाऊजीच्या तिकिटावर, जमलेल्या पैशांतले किती बक्षिसांना आणि किती चर्चच्या कामाला जाणार ते छापावे. तिकीट ५० रुपयांच्या वर नेऊ नये. एका घराला चारपेक्षा जास्त तिकिटे देऊ नयेत. आणि आपल्या कोणाच्या घरी मोबाइलच्या खेळापायी पैसे गेले असतील, तर रविवारी दुसऱ्या मिस्सानंतर मी वर्गाच्या खोलीत असते. मुलाला रागवायला नाही, हिशेब मांडायला या. बँकेचे पासबुक आणा, मुलालाही सोबत आणा. कोणाकडून किती घेतले, कोणाचे आधी फेडायचे, ते कागदावर लिहून काढू.