मागची नाली कोणाची?

मंडळी, आजचा विषय नाकाला पदर लावून वाचावा असा आहे. आपण सगळे जुन्या घरांच्या आठवणी हौसेनं लिहितो. ओसरी, माडी, झोपाळा, अंगणातला पारिजातक. घराच्या मागच्या नालीवर मात्र कोणी चार ओळी खरडत नाही. साउथ तुकोगंजात, नाथ मंदिराच्या बाजूला, लग्न होऊन आल्यापासून माझा संसार जुन्या घरातच झाला. दर मे-जूनमध्ये ओळखीच्या घरांतून एकच वाक्य ऐकू येतं: "मोरीचं पाणी हळू जातंय हो, कोणीतरी माणूस बोलवा." मला बोलायचंय ते या "माणूस बोलवा"बद्दल.

आधी नाली तुंबते कशानं ते पाहू. आपली माळव्याची काळी माती पावसात फुगते, उन्हाळ्यात आक्रसते, भेगा पडतात. जुन्या घरांना चिनी मातीचे पाइप, दोन-दोन फुटांचे तुकडे सिमेंटनं जोडलेले. खालची जमीन अशी हलत राहिली की सांधे उघडतात आणि फटीतून कडुनिंबाची, बोगनवेलीची मुळं आत शिरतात. चार इंची पाइपाला साधारण चाळीस फुटांत एक फूट उतार लागतो. तो मोडला की पाणी पुढे जातं आणि गाळ मागे राहतो. त्यात आपलं स्वयंपाकघर! कढईचं तेल, बेसनाचं भांडं, तुपाची बेरी. गरम पाण्याबरोबर तूप मोरीतून सुखानं निघतं आणि बाहेर गार पाइपात जाऊन थिजतं. म्हणजे निम्मा दोष मातीचा, निम्मा आपला. ओशट भांडी आधी कागदानं पुसून घेतली तरी पुष्कळ फरक पडतो.

आमच्याकडे सासऱ्यांच्या वेळेपासूनची रीत साधी आहे. मोरीबाहेरची जाळी काढून आधी तिथला गाळ उपसायचा. तरी पाणी हलेना, तर घराकडून रस्त्याकडे एकेक चेंबर उघडत जायचं. शेवटचं भरलेलं चेंबर आणि पहिलं कोरडं चेंबर, या दोघांच्या मधेच बोळा बसलेला असतो. मग कोरड्या बाजूनं बांबूची लांब लवचीक कामटी नाहीतर बाजारात मिळतात त्या जोडायच्या सळ्या घालायच्या. सळ्या घड्याळाच्या काट्याच्या दिशेनंच फिरवायच्या. उलट फिरवल्या तर आतल्या आत सुटून बसतात. हातात रबरी मोजे हवेतच. निघालेला गाळ तिथेच बादलीत काढायचा, पुढे ढकलायचा नाही. शेवटी दहा-बारा बादल्या पाणी सोडायचं. ॲसिड ओतू नका. तुपाच्या थराला ते फारसं काही करत नाही, सिमेंटचे सांधे मात्र खातं, आणि ब्लीचिंग पावडरशी गाठ पडली तर विषारी क्लोरीन सुटतो. दर दोन महिन्यांनी तिथेच तुंबत असेल तर पाइप फुटलेला समजा आणि तेवढा तुकडा खणून बदला.

यात कुठेही कोणाला खाली उतरावं लागलेलं नाही, हे लक्षात घ्या. सगळं वरून, उभ्यानं होतं.

काही वर्षांपूर्वी शेजारच्या घरी काम निघालं. मागे जुनी सेप्टिक टाकी होती, ड्रेनेज लाइन आल्यावर बंद केलेली. झाकण उघडलं आणि ठेकेदारानं आणलेला पोरगा शर्ट काढून उतरायलाच लागला. आमच्या सासूबाई कुंपणापलीकडून ओरडल्या, "अरे बाळा, वर ये आधी!" ठेकेदार म्हणाला, "माँजी, इनको आदत है." सासूबाई म्हणाल्या, "आदत त्याला असेल, गॅसला नाही." मग पंपाची गाडी आली. पोराला दिवसाची मजुरी पूर्ण मिळाली.

त्यांचं म्हणणं अक्षरशः खरं होतं. अशा टाकीत हायड्रोजन सल्फाइड साचतो. थोडा असला तर सडक्या अंड्यासारखा वास येतो; जास्त झाला की नाकाची वास घेण्याची शक्तीच जाते. "आता वास येत नाही" म्हणून माणूस उतरतो आणि दोन-चार श्वासांत कोसळतो. 2013 च्या कायद्यानं सुरक्षेच्या साधनांशिवाय कोणालाही गटारात किंवा टाकीत उतरवणं गुन्हा आहे, आणि घरमालक त्यातून सुटत नाही. अशा मृत्यूची भरपाई सर्वोच्च न्यायालयानं 2023 मध्ये 10 लाखांवरून 30 लाख केली. पण पाचशे रुपये वाचवायला कोणाचा पोरगा घालवायचा, हा प्रश्न मुळात पैशाचा नाहीच.

आपलं इंदूर 2017 ते 2023 सलग सात वेळा देशात पहिलं आलं, आपण पेढे वाटले. शंभर वर्षांपूर्वी पॅट्रिक गेडिस होळकर दरबारासाठी या शहराचा आराखडा करत होते. त्यांचा अहवाल 1918 चा. प्लेगच्या त्या दिवसांत त्यांनी दिवाळीची मिरवणूक काढली, तिचा मार्ग ठरला तो जिथे लोकांनी घरं जास्त स्वच्छ केली त्या रस्त्यांवरून. आणि मिरवणुकीत शहराचे सफाई कामगार शुभ्र कपड्यांत मानानं चालले. मान देणं आपल्याला तेव्हापासून माहीत आहे. घरामागे मात्र तो विसरायला होतो.

"आम्ही दोघं सत्तरीचे, मुलं पुण्याला नाहीतर परदेशात, आम्ही कुठे कामट्या फिरवणार?" असं काही जण म्हणतील. नका फिरवू. काम करणाऱ्याला जरूर बोलवा, पण आपली नाली कुठून कुठे जाते ते आपल्याला ठाऊक हवं. हल्ली अंगणात चकचकीत फरशी घालताना चेंबरंच पुरून टाकतात. मग अंदाजानं खोदाखोद आणि शेवटी "उतर रे जरा". झाकणं मोकळी ठेवा. जुनी टाकी असेल तर ती मशीननं रिकामी करून भरून घ्या. आणि पावसाळ्याआधी एका रविवारी घरातल्या सगळ्यात मोठ्या माणसाला खुर्ची देऊन अंगणात बसवा, विचारत विचारत नालीचा नकाशा काढा आणि घराच्या कागदपत्रांत ठेवा. ही माहिती त्यांच्याबरोबर गेली तर परत मिळत नाही.