'पानी' म्हणणारा अशुद्ध कसा?

मुलानं 'पाणी'ला 'पानी' म्हटलं की वर्गात हशा पिकतो. कार्यकर्ता सभेत 'आनि' म्हणाला की "आधी भाषा सुधारा" असा सल्ला मिळतो. मित्रांनो, हा प्रश्न फक्त उच्चाराचा आहे का?

एकच क्रियापद घ्या. पुण्याचा शिकलेला माणूस 'करतो आहे' म्हणतो. नागपूर-अमरावतीकडे तेच 'करून राहिलो', मराठवाड्यात 'करायलोय', कोल्हापुरात 'कराय लागलोय' आणि खानदेशच्या अहिराणीत 'करी ऱ्हायनू' होतं. वऱ्हाडी माणूस 'डोळा'ला 'डोया' आणि 'काळा'ला 'काया' म्हणतो, तेव्हा तो चुकत नसतो, आपल्या बोलीचा नियम पाळत असतो. मग यातलं एकच रूप शुद्ध आणि बाकीची गावंढळ, हे ठरवलं कुणी?

इंग्रज राजवटीत मराठीचे कोश, व्याकरणं आणि क्रमिक पुस्तकं तयार झाली. मोल्सवर्थचा कोश १८३१ चा. त्या कामात मदतीला होते ब्राह्मण शास्त्री. पुण्याकडच्या शिक्षित उच्चवर्णीयांचं बोलणं शाळेत आणि कचेरीत गेलं. ज्यांना शाळेची पायरीच बंद होती, त्यांची भाषा पुस्तकात येणार कुठून? प्रमाण मराठी हीसुद्धा मुळात एक बोलीच. तिला सत्ता मिळाली, एवढंच.

शब्दांवरून होणारा हा कलह तथागतांनाही ठाऊक होता. मज्झिम निकायातल्या अरणविभंग सुत्तात ते साध्या भांड्याचं उदाहरण देतात. एकाच भांड्याला एका जनपदात 'पाती' म्हणतात, दुसऱ्यात 'पत्त', तिसऱ्यात 'सराव'. माझ्याच मुलखाचा शब्द खरा आणि बाकीचे खोटे, असा हट्ट धरू नये, असं ते सांगतात. त्याच वेळी, लोकांत रूढ असलेला व्यवहार ओलांडू नये, असंही बजावतात.

या दोन्ही गोष्टी आपल्या कामाच्या आहेत. स्पर्धा परीक्षा, कोर्ट, सरकारी अर्ज यांसाठी प्रमाण मराठी यायलाच हवी. ती नाकारली तर नुकसान आपल्याच पोरांचं. पण त्यासाठी घरची भाषा पुसायची गरज नाही. "लिहिताना पाणी लिहायचं," एवढं सांगितलं तरी पुरतं. हसलं की मूल गप्प बसतं आणि गप्प बसलेलं मूल प्रश्न विचारत नाही. शिक्षण हक्क कायद्याचं (२००९) कलम २९ शक्य तिथवर मातृभाषेतून शिकवा, असं सांगतं. ज्या मुलाच्या आईची भाषाच वर्गात चेष्टेचा विषय होते, त्याला हा हक्क मिळाला असं म्हणायचं का?

अर्थात बोलीतलं सगळंच कवटाळायचं नाही. 'गाव तिथे महारवाडा' ही म्हण कशासाठी वापरली जाते? चांगल्यासोबत वाईट असायचंच, हे सांगण्यासाठी! अशी म्हण प्रमाण भाषेत असो की बोलीत, ती टाकूनच द्यावी. शब्द कुठल्या जिल्ह्यातला आहे यापेक्षा तो माणसाला हीन ठरवतो का, हे तपासा.

शेवटचं आपल्याच लोकांसाठी. वऱ्हाडी वक्त्याच्या 'मले-तुले'ची नक्कल करून हसणारे आपल्यातही आहेत. बाबासाहेबांनी १९२० साली पाक्षिकाला 'मूकनायक' हे नाव दिलं. मुक्यांना फुटलेल्या वाचेला आपणच शुद्धतेचं कुलूप घालायचं का? येत्या भीमजयंतीच्या वक्तृत्व स्पर्धेत 'शुद्ध उच्चार' हा रकाना काढून टाका आणि ते गुण मुद्द्याला द्या.

जय भीम!